टेकाडी ते कामठी

सगळ्यात जास्त वेळ उभं राहण्यातच गेला.
हे कोणी आधी सांगत नाही.
रामटेकहून रात्री बाराला सुटलेली आमची टीम,
सहा जण, एक खटारा सुमो,
आणि बॅटन म्हणून कंड्युट पाइपचा वीतभर तुकडा,
पिवळ्या इन्सुलेशन टेपने गुंडाळलेला.
इंद्रपाल म्हणाला, हा पाइप म्हणजे आपला करंट, ताई.
मी म्हटलं, गप बस, मोजे बदल.

टेकाडी फाट्यावर पावणेतीन वाजता
जानेवारीचा गारठा गुडघ्यांत शिरत होता.
कोळशाचे ट्रक ताडपत्री फडफडवत जायचे,
जाताना थोडी ऊब आणि बरीच धूळ देऊन.
मी दोन स्वेटर, वर ऑफिसचं जॅकेट,
बावीस वर्षं मीटर रीडिंग घेणारी बाई.
ज्या पायांना मानेवाड्यापासून पारडीपर्यंत
कुत्री ओळखतात,
ते पाय चुन्याच्या रेघेवर
जागच्या जागी नाचत होते.

इतरांचे लोक आले, गेले.
हातातून हातात, चटकन,
कुंपणाच्या भिंतीवरून
शेजारणीकडे भाजीची वाटी जावी तसं.
बँकवाले गेले. आयुध निर्माणीची पोरं गेली,
पोरं कसली, सुटलेल्या स्प्रिंगा.
रेवनाथ नाही.
टेबलाशी बसलेला मुलगा दर वेळी
माझ्या छातीवरचा नंबर वाचायचा
आणि मान खाली घालायचा.

एकोणीस मिनिटं.
रस्त्याच्या वळणाकडे एवढं टक लावून
मी माझ्या वरातीकडेही पाहिलं नव्हतं.
आधी राग आला. काळजी नंतर.
उलट सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं.

मग अंधारात एक टॉर्च, डोक्याला बांधलेला,
डावीकडे झुकत झुकत.
रेवनाथ लांजेवार, लाइनमन. चालत.
एक हात पोटावर, शर्टावर उलटीचा डाग.
मी पुढे धावले तर ओरडला,
"रेघेच्या मांगंच राय, ताई! बाद करतीन ना बाप्पा!"
उरलेली वीस पावलं
तो धावला. त्याला धावणं म्हणायचं तर.
पाइप माझ्या तळव्यात आला
तेव्हा गरम होता, आणि ओला.
"संत्रा बर्फी खाल्ली व ताई, मनसरले,"
एवढंच म्हणाला, आणि बसला धुळीत.

माझे आठ किलोमीटर मला तुकड्यांनी आठवतात.
कन्हानची बंद शटरं.
एका घरी दिवा होता, सवयीने मी
भिंतीवरच्या मीटरकडे पाहिलं:
लाल ठिपका लुकलुकत होता,
माझ्या श्वासापेक्षा सावकाश.
मग पूल. खाली पाणी दिसत नव्हतं,
फक्त जास्त थंड काळोख.
तिथे रडू आलं, कारण विचारू नका,
पूल संपला तिथे थांबलं.
टाच. टाच. पाइप डाव्या हातात. उजव्या.
गाठलं कोणालाच नाही.
दुधाचे कॅन लटकवलेला एक सायकलवाला
बाजूने चालवत म्हणाला,
"काऊन पळून रायली? कोन मांगं लागलं?"
"मागे नाही काका, समोर उभा आहे एक जण."

कामठीत समोर कोणीच उभं नव्हतं.
शीलरत्न सुमोत झोपला होता,
तोंड उघडं, बूट बांधलेले.
मी काचेवर पाइप आपटला.
दार, रेघ, पाइप,
आणि गेला, डोळ्यांत झोप तशीच,
ऑटोमोटिव्ह चौकाच्या दिशेने.
मला नीट शिवीही देता आली नाही.

झिरो माइलला उज्ज्वला पोचली
सहा चाळीसला. चौतिसांत एकतिसावे.
टपरीवर तर्री पोहे,
रेवनाथला नुसतं लिंबूपाणी.
पाइप प्लेटांच्या मधे पडला होता, टेप सुटून.
तो कोणी न्यायचा यावर कोणी बोलेना,
इंद्रपालसुद्धा.
शेवटी मीच उचलला.

आता तो माझ्या पिशवीत असतो,
रीडिंगच्या मशीनशेजारी.
कुत्र्यांसाठी, असं मी सांगते.